पणजोबांचं साल

सोमवार, दि. ९ मार्च

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे देवाच्या कृपेनं सगळे बरे. पेन्सिलीनं लिहिते आहे, रागावू नकोस. अर्धी उरली होती, टाकवेना.

तू विचारलंस, पणजोबांचा जन्म कुठल्या सालचा. गोऱ्या साहेबाच्या कचेरीत ते कागदांच्या नकला उतरवायचे आणि १८७७ साली ‘हात थरथरतो, अक्षर लागत नाही’ म्हणून त्यांना घरी बसवलं, एवढं नक्की. तेव्हा ते म्हातारे असतील तर घोर नाही, तरुण असतील तर रोग रक्तातला, असं डॉक्टर तुला म्हणाले. ते वाचल्यापासून जुने कागद धुंडाळते आहे.

हिशेबाच्या वहीत तीन रकाने आखले. हे हसले, “पणजोबांचं लग्न जमवतेस की काय?”

मृत्यूच्या नोंदीत १८८४, वय साठ. म्हणजे काढलं तेव्हा त्रेपन्न. मला इथंच वही मिटायची होती. पण ते साठ शेजाऱ्यानं सांगितलेलं. थरथरणारा माणूस कुणालाही म्हाताराच दिसतो.

नोकरीच्या कागदात १८५५, वय एकवीस. म्हणजे त्रेचाळीस. पण एकविसाच्या आत घेतच नसत. बाबांनी नाही का शाळेत घालताना माझं वय वर्षानं वाढवलं? तसंच.

राहिली पोथी. शेवटच्या पानावर त्यांच्या आईनं लिहवून घेतलंय: ‘बाजार जळाला त्या साली हा पहिलं पाऊल टाकू लागला.’ बाजार जळाला १८३८ साली. आईला कुणाकडे नोकरी मागायची नव्हती. मी तिचंच धरते. जन्म १८३७चा. म्हणजे चाळीस.

बाबांच्या हातात कपबशी वाजायची ते आठवतं? आपण दमणूक म्हणायचो.

पेन्सिलीचं मी खोटं सांगितलं, धाकट्या. शाई खोडता येत नाही म्हणून पेन्सिल. हे पत्र चौथ्यांदा खोडून लिहिते आहे. दोन महिने देवापुढचा दिवा हे लावतात. मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलंय. माझ्या हातातली काडी वातीपर्यंत पोचत नाही. माझं वय कागदावर बेचाळीस, खरं एक्केचाळीस.

तू अजून पस्तिशीतला. तपासणी करून घे, तुला माझी शपथ. जाशील तेव्हा मलाही ने. देवाचं नाव घेते, पण एकटीनं त्या दारात जायची भीती वाटते.

अक्षर ओळखू आलं नाही, तरी पत्र माझंच आहे.

तुझी,
ताई