रिलक्टंटली, म्हणजे कां-कू करत

ती. आईस, तिकडे तोंड करून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्रीशी उभा असतो, त्यामुळे थंडीही वाजत नाही. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथे एक इंग्रजी शब्द शिकलो, रिलक्टंटली. वर्गातल्या बाई म्हणाल्या, मनात नसताना, कां-कू करत काही केलं की तो लावायचा. परवा मुकादमाने म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याला कामावरून काढलं, तेव्हा हाच शब्द वापरला. डोळेही पुसले. म्हातारा ॲप्रन टांगायला गेला, तर त्याच्या खुंटीवर मुकादमाच्या मेव्हण्याचं नाव आधीच चिकटवलेलं. तेव्हापासून तो शब्द कानावर आला की मी आधी माझी खुंटी बघून येतो.

काल मुकादमाने माझी रजा मंजूर केली, रिलक्टंटलीच. म्हणून येण्याचं अजून पक्कं करत नाही. तू काळजी करू नकोस.

फोनवर म्हणालीस, दादाने अगदी आढेवेढे घेत माझी खोली घेतली. बरं झालं, बंद तरी राहायला नको. नवे पडदेही खिडकीला छान बसले म्हणे. एवढंच विचारून ठेव, वहिनीने त्यांची मापं कधी घेतली होती?

तुझा,
धाकटा