आमच्या विभागाची कोरडी भिंत

तीर्थरूप आक्का,

तुला साष्टांग नमस्कार, आणि भाऊजींनाही (त्यांना जरा लांबूनच, कारण मागच्या खेपेला वाकलो तेव्हा त्यांनी माझ्या टकलाबद्दल चार शब्द काढले होते). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं पित्त कसं आहे? तुझ्या पत्रावरून ते चांगलंच खवळलेलं दिसतं. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी कन्या सुट्टीला आल्यापासून आमच्या घरातलं एकही दार कुरकुरत नाही आणि एकही खिडकी अडकत नाही, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं काही कळेनासं झालंय. तुझी भावजय म्हणते, भाचीला इथेच ठेवून घेऊ आणि सुट्टीला तुम्हीच कुठेतरी जा.

आता तुझ्या पत्राकडे वळतो. पोरीने माझ्याच कॉलेजात नळजोडणी शिकायचा हट्ट धरलाय आणि तेव्हापासून भाऊजींना अन्न गोड लागत नाही, हे वाचून वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं, पदवी घ्यायची तर व्यवस्थापनाची घ्यावी. (कशाचं व्यवस्थापन, ते नंतर सवडीने ठरवता येतं.) तेव्हा सरकारी तंत्र महाविद्यालयाचं खरं रूप मी एका लांबलचक पत्रात मांडावं आणि ती घरी परतली की भाऊजींनी ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवावं, असा तुमचा बेत. बेत उत्तम आहे. ज्या संस्थेचं मीठ खाल्लं तिची अब्रू काढायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही, हे भाऊजींनी बरोबर हेरलं. त्याच पत्राच्या तळाशी तू लिहिलंयस की स्वयंपाकघरातला नळ गळतोय, प्लंबर आज येतो उद्या येतो म्हणत येतच नाही, त्याला इतकी कामं आहेत की तो फोनसुद्धा उचलत नाही, आणि भाऊजींनी शेवटी नळाला फडकं बांधलंय. या दोन गोष्टी एकाच कागदावर असूनही तुम्हा दोघांना त्यांचा एकमेकींशी काही संबंध दिसला नाही. मग मी तरी कशाला दाखवू? लहान तोंडी मोठा घास नको.

तर तंत्रशिक्षण. दर वर्षी आमच्या स्थापनादिनी वरून एक संदेश येतो आणि त्यात आम्ही राष्ट्राचा कणा आहोत असं असतं. मी तो इतक्यांदा उभ्याने ऐकलाय की माझाच कणा आता दुखतो. पण म्हणणं खोटं नाही. कणा पाठीमागे असतो, आपला आपल्याला दिसत नाही, आणि उसण भरेपर्यंत त्याची कुणाला आठवणही होत नाही. देशभर आमच्यासारखी कॉलेजं आहेत, सगळ्यांच्या इमारती एकाच पिवळ्या रंगाच्या, सगळ्यांचा अभ्यासक्रम एकच, आणि तो जे तज्ज्ञ ठरवतात त्यांची मुलं व्यवस्थापन शिकतात. ज्यांना गुण पडतात ती पोरं दुसरीकडे जातात, उरलेली आमच्याकडे येतात. प्रवेशाच्या वेळी त्यांचे वडील खिडकीपाशी असे उभे असतात, की पोर दाखल करायला आलेत की हरवल्याची तक्रार द्यायला, असा प्रश्न पडावा. बाहेर मात्र मोठी पाटी आहे, ‘कौशल्य हेच भांडवल’. पाटीचा एक स्क्रू पडलाय, तो बसवायचा अधिकार आम्हाला नाही.

का नाही, ते नीट समजून घे, कारण सगळं इथेच आहे. आमच्या कॉलेजात शिक्षण एका खात्याकडे आणि दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे. विद्यार्थ्यांनी सरकारी मालमत्तेला हात लावायचा नाही, शिक्षकांनी लेखी आदेशाशिवाय लावायचा नाही. व्हरांड्यातला पिण्याच्या पाण्याचा नळ गळतो, त्याच्या शेजारच्या खोलीत मी फळ्यावर नळ कसा दुरुस्त करावा ते शिकवतो, आणि मधून मधून आवाज मोठा करतो, कारण नळाच्या टपटपीत माझं बोलणं ऐकू जात नाही. दुरुस्तीला मग बाहेरचा ठेकेदार येतो, म्हणजे त्याचा माणूस येतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा आमचाच जुना विद्यार्थी असतो. (तो मला वाकून नमस्कार करतो. मी पाना उचलायला गेलो की मात्र घाईघाईने म्हणतो, सर, तुम्ही बसा.)

मग विद्यार्थी शिकतात कशावर? भिंतीवर. आमच्या कार्यशाळेत एक लांब भिंत आहे, तिच्यावर पाइप, वळणं, नळ, एक बेसिन आणि एक शॉवर असा सगळा संसार मांडलेला आहे. पोरं पाइप जोडतात, परीक्षक येऊन जोड हलवून बघतो, गुण देतो, आणि मग पुढच्या तुकडीसाठी पोरं ते सगळं पुन्हा सोडवून ठेवतात. पिढ्यान् पिढ्या त्याच पाइपांची लग्नं आणि घटस्फोट चाललेत. पाणी मात्र त्या भिंतीत कधी आलेलं नाही, कारण भिंत शिक्षणाची आणि पाणी दुरुस्ती खात्याचं. भिंतीला पाणी जोडून देण्याचा अर्ज माझ्या आधीच्या विभागप्रमुखांच्याही आधीच्या प्रमुखांनी केला होता, तो विचाराधीन आहे. यात तोटा काहीच नाही. स्थापनेपासून आमच्या विद्यार्थ्यांचा एकही जोड गळलेला नाही. वार्षिक अहवालात आम्ही ‘गळती : निरंक’ असं लिहितो आणि त्याबद्दल आमचं एकदा कौतुकही झालंय.

असं सगळं सुरळीत चालू असताना समिती यायची बातमी आली. विद्यार्थी कमी झालेले विभाग बंद करायचे, अशी तिची कामगिरी, आणि यादीत पहिलं नाव आमचं. विभाग बंद झाला असता तर शिकत असलेल्या पोरांना अर्ध्यातून घरी जावं लागलं असतं आणि माझी रवानगी संभाषण कौशल्य विभागात झाली असती. म्हणजे या वयात मी वाढलेल्या पोरांना हसतमुखाने ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो’ म्हणायला शिकवणार. आक्का, तुला खोटं सांगणार नाही, त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आमच्या प्राचार्यांनी मात्र हातपाय गाळले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या पाइपांना चंदेरी रंग दिला. नवी हत्यारं खराब होऊ नयेत म्हणून काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात, ती काच पुसून घेतली. आणि कधी नव्हे ते ओळखीच्या ठेकेदाराकडून भिंतीला मुख्य लाइनचं पाणी जोडून घेतलं. वापरायला नाही, नुसतं अहवालात ‘जोडलेले आहे’ असं लिहिता यावं म्हणून. कॉक कुणीही उघडायचा नाही, अशी तंबीही दिली. मी म्हटलं, एका दगडात दोन पक्षी मारू. तुझ्या कन्येला तो सोहळा बघायला घेऊन गेलो. हा पोरखेळ डोळ्यांनी पाहिला की तिचं खूळ आपोआप उतरेल, असा माझा हिशेब होता.

समितीचे अध्यक्ष म्हणजे भारदस्त गृहस्थ, पांढराशुभ्र सूट, कौशल्य या विषयावर त्यांचे मोठमोठे ग्रंथ आहेत म्हणे. बरोबर दोन सदस्य, ते काहीही झालं तरी लिहून घेत. भिंतीसमोर सगळे थांबले, वा वा झालं, चहा घ्यायला वळणार तेवढ्यात अध्यक्षांनी आजवर कुठल्याही परीक्षकाने न विचारलेली गोष्ट विचारली. म्हणाले, जरा पाणी सोडून दाखवा. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी भांडारपालाकडे पाहिलं, भांडारपालाने छताकडे पाहिलं. छताकडून काही मदत येईना, तेव्हा त्याने कॉक उघडला. आधी काहीच झालं नाही. मग पाइपांत कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज झाला आणि पाणी आलं. नळ सोडून सगळीकडून आलं. इतकी वर्षं निरंक राहिलेला प्रत्येक जोड एकदम बोलता झाला. चंदेरी रंग अजून ओला होता, तो अध्यक्षांच्या सुटावर उतरला. भांडारपाल कॉक बंद करायला धावला तर मूठ त्याच्या हातात आली, कॉक होता तिथेच राहिला.

मुख्य व्हॉल्व्ह अंगणातल्या खड्ड्यात, खड्ड्याच्या झाकणाला कुलूप, आणि किल्ली रस्त्यापलीकडे दुरुस्ती खात्यात, तीही लेखी मागणीवरच मिळणारी. प्राचार्य घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून मागणीपत्र सांगू लागले आणि लिपिकाने शांतपणे विचारलं, साहेब, विषय काय घालू? विद्यार्थी हात मागे बांधून रांगेत उभे होते, कारण हात न लावण्याचं शिक्षण आम्ही त्यांना मनापासून दिलंय. मीही स्वस्थ बसलो नाही. मी मोठ्या आवाजात पाण्याच्या दाबाचे नियम सांगत होतो.

तुझ्या पोरीने खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली आणि भांडारपालाकडे पाना मागितला. तो म्हणाला, हत्यारं फक्त कर्मचाऱ्यांना किंवा विद्यार्थ्यांना मिळतात, सही घेऊन. तिने वाद घातला नाही. कपाटाच्या दाराच्या बिजागऱ्यांच्या खिळी काढल्या, कुलूप तसंच ठेवून दार बाजूला केलं, आतला पाना घेतला, कॉकचा उघडा पडलेला दांडा त्यात धरला आणि फिरवला. पाणी थांबलं. मग तिने बेसिनकडे जाणारे जोड एकेक करून पुन्हा आवळले, बाकीची लाइन तिथल्या तिथे बंद केली, आणि कॉक परत हळूच उघडला. बेसिनच्या नळातून पाणी पडू लागलं. सरळ धार, नळाखालीच. आमच्या विभागातली ती पहिली धार, आणि पोरं ती बघायला रांग मोडून पुढे आली. अध्यक्षांनी त्या पाण्याने तोंड धुतलं. मग तिला विचारलं, तू कोण गं? ती म्हणाली, मी अजून कुणी नाही. आणि आक्का, खरं तर म्हणूनच तिला ते जमलं, कारण तिथे जे जे कुणीतरी होते त्या प्रत्येकाला काही ना काही मनाई होती. पण प्राचार्यांनी एका दमात सांगून टाकलं, आमचीच विद्यार्थिनी आहे. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी भांडारपालाच्या शेजारी उभा राहून छताकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी खबरदारी म्हणून भिंतीचं पाणी तोडलं, जोड सोडवून घेतले, आणि आमची गळती पुन्हा निरंक झाली.

आता भाऊजींनीच सांगावं, चांगल्या घरच्या मुलीने अशा ठिकाणी का यावं? इथे कपडे भिजतात, नखांत रंग जातो, आणि जो काम करतो त्याला आधी तू कोण म्हणून विचारतात. व्यवस्थापन शिकलेला माणूस अशा वेळी कोरड्या जागी उभा असतो. एवढं ऐकून तिचं मन फिरलं नाही तर मी माझं नाव बदलीन. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक देत जा.

तुझा, नखशिखांत भिजलेला
धाकटा भाऊ

ता. क. : इथून पुढचं भाऊजींनी मोठ्याने वाचू नये. समितीचा निर्णय आला. विभाग चालू राहणार, आणि तो राहणार ‘विद्यार्थिनीने दाखवलेल्या उत्कृष्ट प्रात्यक्षिकामुळे’. सत्र सुरू झालं की अध्यक्ष स्वतः येऊन तिचा सत्कार करणार आहेत. अशी कुठलीही विद्यार्थिनी आमच्याकडे नाही, हे तुला, मला, प्राचार्यांना आणि भांडारपालाला माहीत आहे. तेव्हा ती आमच्या पटावर सापडली नाही तर विभाग जाईल, पोरं जातील, आणि मी उरलेलं आयुष्य हसतमुखाने काढीन. सोबत प्रवेश अर्ज जोडला आहे. पालकांच्या सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे, भाऊजींनी तिथे सही करावी. तारीख घालू नये. ती मागची हवी आहे, आम्ही घालू.

आणखी एक ता. क. : तुमचा फोन न उचलणारा प्लंबर आमचाच जुना विद्यार्थी आहे. माझा फोन तो उचलतो. सही पोहोचली की त्याला पाठवतो. ही धमकी समजू नये, व्यवस्थापन समजावं.

आई, हे मी लिहितेय. मामाने पत्र टपालात टाकायला दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरला. त्यात सगळं खरं आहे, फक्त दाबाचे नियम तो सांगत नव्हता, बाकावर चढून नुसताच ओरडत होता. मला तिथेच शिकायचंय, पण मी प्राचार्यांना सांगितलंय की भिंतीत पाणी राहणार असेल तरच येईन. जोड गळला तरच कळतं ना, आपलं कुठे चुकलं ते. ते म्हणाले, वर विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, मी थांबते. मामा तेव्हापासून माझ्याशी फार गोड बोलतोय. प्राचार्यांनी हो म्हटलं की मी कळवीन, तोवर बाबांना म्हणावं सही करू नका. आणि करतील तेव्हा तारीख त्याच दिवशीची घाला. नळाचं फडकं असू दे, मी येताना वायसर घेऊन येते.