कार्डावरचे दोन शब्द

ग्रिम्सबी, ९ जून १९८७

प्रिय लोर्ना,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. ‘शेवटी शेवटी बाबांकडे लक्ष देणारी तू एकटीच होतीस’ असं तू लिहिलंस. तीनदा उत्तर लिहायला बसले नि तीनदा कागद फाडला. तुझ्या बाबांच्या परसातले वाटाणे वर आलेत, शेजारीण पाणी घालते, एवढंच लिहून मोकळं व्हावं असंही वाटलं.

आमच्या टॅक्सी ऑफिसातल्या कार्डांच्या पेटीबद्दल तुला मागे हसत हसत सांगितलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड, आणि ते फोनवर कसं बोलतं ते त्यावर एक-दोन शब्दांत, म्हणजे पुढच्या पाळीच्या बाईला माणूस ओळखता यावा. तोतरे आहेत, घाई करू नका. नाकात बोलते. शब्द गिळतो, पत्ता दोनदा विचारा. सगळ्यात नेमके शेरे माझे असायचे आणि मला त्याची भारी घमेंड होती. त्यात ‘जीभ जड’ हा शेरा वाईट. म्हणजे गिऱ्हाईक प्यायलेलं. असे दोन शेरे पडले की गाडी द्यायची नाही, हा आमच्या मालकाचा, टास्करचा नियम. सीट धुवायला लागली की ड्रायव्हर कावतात.

खरं तर मला अक्कल असायला हवी होती. शाळेत तुला बोबडी म्हणाली म्हणून मी एडनाच्या झिंज्या उपटल्या होत्या. तुझ्या बाबांनी मारामारी केल्याबद्दल मला झापलं आणि मग तळलेले मासे वाढले.

मार्चमध्ये भर दुपारी त्यांचा फोन आला. शब्द एकमेकांत लडबडलेले. मी आवाज लगेच ओळखला. चॅपेलमधली प्रार्थना सोडून कुठे न जाणारा, तुझ्या लग्नातही चहावर भागवणारा माणूस तुझी आई गेल्यावर बाटलीला लागला, असं मी एका क्षणात ठरवून टाकलं. मला त्यांची लाज वाटली गं. गाडी पाठवली आणि शेरा लिहिला. एप्रिलमध्ये पुन्हा तेच. या वेळी त्यांनीही मला ओळखलं.

“आयव्ही ना तू? आमच्या लोर्नाला कळवू नकोस हं, पोरी. उगाच जिवाला घोर लावून घेईल.”

मला ती पिणाऱ्याची विनवणी वाटली. मी दुसरा शेरा लिहिला, आणि ईस्टरच्या पत्रात तुला कळवलं की बाबा मजेत आहेत.

मग तो मे महिन्यातला मंगळवार. माझी सुट्टी होती. सकाळी दहाला त्यांनी डॉक्टरांकडे जायला गाडी मागितली. त्या दिवशी फोनवर बसलेल्या ऑड्रीनं कार्ड पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. ते बस धरायला चालत निघाले आणि थांब्यावर कोसळले, ते परत उठलेच नाहीत. पुढचं तुला माहीत आहे. दोन महिने त्यांच्या मेंदूला बारीक बारीक झटके येत होते, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसले होते आणि तू माझा हात धरला होतास.

गाडी नाकारल्याची तू तक्रार केलीस आणि टास्करनं ऑड्रीला काढलं. शेरा माझा नाही, कार्ड काढून बघा, असं ती सांगत राहिली. कार्ड सापडेना. तिनंच फाडलं असणार, असं टास्कर म्हणाला. छप्पन्न वर्षांची बाई आता गोदीत मासे साफ करते. परवा बाजारात भेटली. “ते कार्ड तुला कुठे दिसलं का गं?” एवढंच तिनं विचारलं, आणि मी नाही म्हटलं.

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, लोर्ना. बाबा पडल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मी ते पेटीतून काढलं. या पत्रासोबत ते पाठवते आहे. नऊ वर्षं आपण एका बाकावर बसलो, अक्षर कुणाचं हे तुला विचारावं लागणार नाही. ऑफिसात जाताना हे पाकीट आधी टपालपेटीत टाकणार आणि मग टास्करला सगळं सांगणार, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. ऑड्रीला तिची जागा परत मिळायला हवी. तिच्यासाठी दोन ओळी तूही टास्करला लिही. माझ्यासाठी लिहू नकोस.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क मागत नाही,
आयव्ही