पहिली गाठ

सांगली, १० जानेवारी १९४६

वहिनी आता पहिली गाठ स्वतः बांधत नाही.

दिवाळीला साताऱ्याला माहेरी गेली, तुळशीचं लग्न उरकून परतली, तेव्हापासूनचं हे थेर. नवं लुगडं बांधायला घेतलं की बनुबाईला हाक. बनुबाई आमच्याकडे नदीवरून पाणी भरते. ती कळशी टेकवते, हात पुसते, पदराच्या कोपऱ्यात एक गाठ बांधते आणि जाते. मग राणीसाहेब बसणार.

लग्नाच्या चुनडीची पहिली गाठ सवाष्णीने बांधायची, ही आम्हा रंगाऱ्यांच्या घरातली रीत. घरात सवाष्ण असताना पाणी भरणारीला कशाला बोलवायचं? विचारलं. म्हणाली, "वन्सं, नख जपायला नको का?"

एका गाठीने नख झिजत नाही.

डाव्या करंगळीचं ते नख! कापडाचा कण नखाने उचलायचा आणि दोऱ्याने आवळायचा, की रंगात तेवढा ठिपका कोरा राहतो — एवढंच. त्या नखापायी ती कणीक मळत नाही, भांड्याला हात लावत नाही. माझी नखं सोड्याने पिवळी पडली आहेत, त्यांची कोणाला काळजी नाही. कणीक मीच मळते.

१४ जानेवारी

संक्रांत. वहिनी हळदीकुंकवाला कुठेच गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली. येणाऱ्या बायकांना तिळगूळ मी दिला. प्रत्येकीचा एकच प्रश्न — "अनसूया दिसत नाही?" मी सांगितलं, कामात आहे. "बाई गं, एवढं काम करते!" कौतुकच.

माझी डोकेदुखी आजवर कोणाच्या लक्षात आलेली नाही.

२७ जानेवारी

शिराळ्याहून राहीबाई म्हणून एक बाई आली. ऊसवाल्या पाटलांच्या घरची, गळ्यात ठसठशीत सर, बोलणं वरच्या पट्टीत. मुलीचं लग्न वैशाखात. कंट्रोलच्या दिवसांत कापड कुठून मिळवलं कोण जाणे, माधवनगरच्या गिरणीचं मऊ सुती नऊवार बरोबर घेऊनच आली होती.

"अनूबाईच्या हातचीच चुनडी पायजे. दुसरीच्या हातची न्हाई चालायची."

बाबा लगेच, "आमच्या सुनेची बोटं म्हणजे काय!"

मी लाल रंगाचे नमुने पुढे केले. पाच छटा, प्रत्येक धुऊन, उन्हात टाकून तपासलेली. बाईने बघितलंसुद्धा नाही. "रंगाचं काय येवढं? बादलीत बुडवलं की आला."

वहिनी हसली. हळूच, पण हसली. दोन वर्षं बडोद्याला रंगकाम शिकले ते ह्या बादलीसाठी.

जाताना बाई म्हणाली, तिचा मुलगा मानसिंग सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत होता, पाऊसकाळ सरता सरता सुखरूप घरी आला, म्हणून लग्न थाटात करायचंय. बाबा उठूनच उभे राहिले. "आमचा शरदही तिकडेच. फौजेत स्टोअरकीपर. काही कळलं का त्याला?"

"त्यो काय बोलतच न्हाई वो अण्णा. जेवतो आन् गप बसतो."

शरददादाचं शेवटचं कार्ड येऊन तीन वर्षं होत आली. सरकार म्हणतं, बेपत्ता. बाबा दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला विचारतात — शरदचं काही कळलं का? भाजीवाल्यालासुद्धा.

१२ फेब्रुवारी

राहीबाईंच्या चुनडीचा पिवळा झाला. आता पिवळे राहायचे ते ठिपके वहिनी बांधून देईल, मग लाल माझा.

विहिरीच्या पाण्यात चुना आहे, लाल मळकट होतो. म्हणून लालाला कृष्णेचंच पाणी वापरते. तुरटी तोलून, आच हळूहळू चढवत, थर्मामीटरवरची नजर न काढता. हे कोणाला सांगणार? लुगडं उघडलं की बायका ठिपके मोजतात. लाल तिथे असतोच, जसं काही कापसाच्या बोंडातूनच तो आला.

एकट्या दादाला कळायचं. तो वाळत घातलेल्या दहा कापडांतून बोट दाखवून सांगायचा, "हा क्षमाचा लाल." मला बडोद्याला त्यानेच पाठवलं. बाबांशी भांडून.

पण कैदेतून कार्ड आलं ते वहिनीच्या नावाने. माझ्यासाठी खाली अर्धी ओळ होती — "क्षमाला आशीर्वाद."

२० फेब्रुवारी

बाबा आज पाहुण्यांना म्हणाले, "आता सगळा कारखाना सुनेच्याच जिवावर." मी भट्टीपाशी होते. ऐकू येईल इतक्या जवळ.

३ मार्च

हे लिहायलाच हवं.

दुपारी मानसिंग आला. वाळलेला, रंग उडालेला माणूस. पुढच्या दाराने नाही, मागून, थेट माझ्या भट्टीशी. मला वाटलं, चुनडीची चौकशी.

"ताई, घरात जायाचा धीर न्हाई. म्हातारा इचारंल. तुमास्नी म्हणून सांगतो." मग विस्तवाकडे बघत म्हणाला, "शरदराव न्हाईत वो. माज्याच छावणीत व्हते. त्रेचाळीसच्या पावसात ताप आला. आमीच माती दिली."

मी विचारलं, नक्की शरदच? मूर्खासारखा प्रश्न.

"डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. ल्हानपणी भट्टीशी खेळताना भाजलं, म्हणायचे."

तो डाग ह्याच भट्टीचा. दादाने मला मागे ढकललं तेव्हाचा.

"आमच्यातला आनिक एक जण माघारी आलाय, साताऱ्याचा. त्यालाबी ठावं हाय. दुसऱ्या कुनाच्या तोंडनं तुमास्नी कळाय नको, म्हणून आलो." पाणीही न पिता गेला.

मागे वळले तर पाणी खळखळा उकळत होतं. फेट्यांचा घाणा होता. लाल पार काळवंडला. असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. बाबांना सांगितलं, लाकूड ओलं होतं.

४ मार्च

रडले नाही. कणीक मळली.

९ मार्च

वहिनी रोज सकाळी आरशासमोर कुंकू लावते. मी बघते.

तिला माहीत नाही. मला माहीत आहे. माझ्या एका वाक्याने ते कुंकू पुसलं जाईल, आणि मग लग्नाच्या चुनड्याही गेल्या. विधवेच्या हातची चुनडी कोण नेसवील नवरीला? राहीबाई तर उंबऱ्यावर उभी राहणार नाही. मग रंगाकडे लोकांचं लक्ष जाईल.

हे मी लिहिलं. खोडणार नाही. माझा भाऊ गेलाय आणि मी हा हिशेब करते आहे.

बाबांना सांगायचं म्हटलं तर जीभ उचलत नाही. ते अजून त्याचं पान वाढायला लावतात सणाला.

१५ मार्च

वहिनी बांधताना गुणगुणते. मला ते सहन होत नाही.

२४ मार्च

राहीबाईंची चुनडी लाल झाली. सुंदर झाली. मीच म्हणते, कारण दुसरं म्हणणारं कोणी राहिलं नाही.

७ एप्रिल

राहीबाई आपल्या दोन जावांना घेऊन चुनडी न्यायला आली. चुनडी गाठींसकटच द्यायची असते. नवरीने दोन्हीकडून ओढली की दोरे तटातट तुटतात आणि नक्षी तिला पहिल्यांदा दिसते. तोवर तो नुसता सुरकुतलेला लाल बोळा.

बाईने तो मांडीवर घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "पैली गाठ कुनाची?"

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. बाबा कौतुकाने हसत होते. माझ्या तोंडातून गेलं, "वहिनीलाच विचारा. ती गाठ कोणाच्या हातची चालते, हे तिला चांगलं ठाऊक आहे."

ठरवून बोलले का? हो. बनुबाईचं नाव घेऊन तिचा तोरा सर्वांसमोर उघडा पाडायचा होता, एवढंच — असं इथे लिहिणार होते. खरं नाही. पुढचं वाक्यही तयार होतं, दादा गेल्याचं. जिभेवर होतं.

वहिनी दचकली नाही. माझ्याकडे बघत राहिली. बाबांकडे एकदा बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि राहीबाईंना म्हणाली, "गाठ बनुबाईची आहे, मावशी. मोठी सवाष्ण. पाच लेकरं, नातवंडं, नवरा अजून तालमीत जातो. काळजी नको."

"आन् तुजी का न्हाई गं?"

"माझं नख मोडलं होतं."

"आत्ता गं बया! नख हाय का नवसाचं पोर?" जावा हसल्या. राहीबाईने तिची ओटी भरायला कुंकवाचा करंडा काढला. वहिनी पटकन उठली. "दूध उतू जाईल," म्हणून आत गेली.

चुलीवर दूध नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते.

मी पुढचं वाक्य बोलले नाही.

८ एप्रिल

सकाळी बनुबाईला नदीच्या वाटेवर गाठलं. कधीपासून, आणि का?

"साताऱ्याहून आली त्या दिसापासनं. म्हणली, बनुबाई, लग्नाची पैली गाठ आता तुजी. का, ते मी इचारलं न्हाई. तिला मागल्या दारी कुंकू लावताना बघितलं हुतं — लावायची, पुसायची, पुन्ना लावायची. नवऱ्याच्या नावाचं कुंकू कुनी असं लावत न्हाई, पोरी." मग कळशी कमरेवर घेत म्हणाली, "अण्णास्नी सोसायचं न्हाई म्हणून लावती ती."

साताऱ्याचा तो परतलेला कैदी. म्हणजे तुळशीच्या लग्नापासून. संक्रांतीला डोकं दुखत होतं तेव्हाही. गुणगुणत होती तेव्हाही. पाच महिने एकटी. दादाचं दुःखसुद्धा तिला माझ्याआधी मिळालं. त्यातही ती पुढे.

घरी आले. ती नवं कापड पसरून बसली होती. मी समोर बसले आणि ताण द्यायला कापडाचं दुसरं टोक धरलं. तिने नखाने पुढचा कण उचलला.

बाबा बाहेरून आले. चपला काढता काढता नेहमीचं — "शरदचं काही कळलं का?"

"अजून नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.