शिफारस क्रमांक एक

४ नोव्हेंबर. सकाळी ७.
वनखात्याच्या समितीचं पत्र आलं! भोरडेवाडीचा डोंगर राष्ट्रीय उद्यान करावा का, ते मी तपासायचं. तीस वर्षं नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आत्ता कुठे कुणाला अक्कल सुचली. उद्यान झालं की मानद वॉर्डन कोण, हे काय सांगायला हवं? लीनाला म्हटलं, गाडीवर पाटी लावू. नुसती हसली. बायकोला दूरदृष्टी म्हणून नाहीच.

६ नोव्हेंबर.
गावात बैठक. अडाण्यांचा बाजार नुसता! म्हणे वीस वर्षं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळतो. गवत विळ्यानं कापून डोक्यावर आणतो. थापा. साळूबाई नावाची म्हातारी म्हणाली, उद्यान झालं की डोंगर बंद, मग माझ्या दोन गाया काय तुमचं पत्र खात्याल व्हय? मी म्हटलं, विकून टाका. विषय संपला.

७ नोव्हेंबर.
सहा कॅमेरे झाडांना बांधले. समोर काही हललं की आपोआप फोटो. हे लोक चोरून गुरं चारतात, पैजेवर सांगतो. गावानं नेमलेला राखणदार छगन म्हणाला, सायेब, तुमच्या बसायच्या जागंवरच तोंड हाय क्यामेऱ्यांचं. आता हा मला शिकवणार!

११ नोव्हेंबर. दुपारी १.
ऊन मरणाचं. सावलीसाठी बाभळीच्या चार फांद्या तोडल्या. संशोधनासाठी चालतं. कुऱ्हाडबंदी त्यांना, मला नाही. डबा सापडेना. गावकऱ्यांनीच लांबवला असणार.

१५ नोव्हेंबर.
अहवाल धाडला. कॅमेऱ्यांची कार्डंही दिली, न बघता. बघायचं काय त्यात? शिफारस क्रमांक एक: डोंगरावर माणसाला कायमचा मज्जाव. क्रमांक दोन: मानद वॉर्डन नेमावा. नाव सुचवलं नाही. फोन नंबर तेवढा दिला. लीना अजून डब्याचंच विचारतेय.

२० नोव्हेंबर.
ग्रामसभेत समितीनं पडद्यावर फोटो लावले. एकूण दोनशे चौदा. लांडगे, ससे, एक तरस. गुरं शून्य. उरलेले एकशे नव्वद मी. फांद्या तोडताना मी. वेफर्सची पिशवी भिरकावताना मी. झुडपाआड मी, त्याबद्दल इथंही लिहिणार नाही. सगळा गाव हसून लोळत होता. साळूबाई आधी हसली, मग पदरानं डोळे पुसत बसली. निर्लज्ज लोक! छगनला आधीच सांगता येत नव्हतं?

२२ नोव्हेंबर.
ठरावाची प्रत आली. गाव डोंगर नीट सांभाळतंय, सबब उद्यान नको, समितीलाही मान्य. शिफारस क्रमांक एक मात्र ग्रामसभेत एकमतानं मंजूर. खाली माणसाचं नाव लिहिलंय. एकच. माझं.
म्हणजे अहवाल अगदीच वाया गेला नाही.
सोबत छगननं डबा पाठवलाय, घासून लख्ख. लीना म्हणाली, सापडला बाई एकदाचा.