बसल्या जागी पाय

ती. आईस,

इथूनच तुझ्या पाया पडते, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता.

आमच्या रेकॉर्डची सगळी गाणी काल वाजवून झाली. आम्ही तिघंच: ड्रमवाला, गिटारवाला आणि ऑर्गनवर मी. सॅक्सोफोनवाले एक काका पाहुणे म्हणून आले होते. "बेस वाजवणारा कुठंय?" म्हणाले. मी मोजे घातलेले पाय दाखवले. ऑर्गनचे खालचे सूर पायांनीच वाजवते ना मी! बसल्या जागी पाय हलवते म्हणून तुझे किती धपाटे खाल्लेत. लोकांचं हातावर पोट असतं, माझं पायांवर.

जेवण वेळेवर होतं. खोली उबदार आहे, म्हणजे दुपारी असते.

दादा सांगत होता, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी खुर्चीत बसून पाय हलवायला सांगितलेत आणि तू ढिम्म बसून असतेस. खरं का गं?

शेवटचं गाणं मी मुद्दाम संथ घेतलंय. काका म्हणाले, "जरा पळव की!" मी म्हटलं, "आईचा गुडघा अजून पळायचा नाही."

रेकॉर्ड हातात आली की दादाला ते गाणं रोज लावायला सांग आणि माझ्या पायांबरोबर तुझे हलव. आता धपाटा घालायला कोणी नाही.

तुझीच,
चुळबुळी