रेषेच्या आतला बॉल

दाजी,

तुमच्या शब्दावर क्लबने मला कोच केलं, म्हणून रविवारचं आधी तुम्हाला सांगतो. मी पंचाला शिवी दिली, असं सेक्रेटरी सांगत सुटलेत. तोंड उघडायला वेळच कुठे मिळाला?

गुडघा गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, "खेळ सुटला तरी मैदान सुटणार नाही." मैदान आहे, पण आत पाय टाकायची बंदी. रेषेबाहेरून घसा फोडायचा आणि पोरांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचं. आयुष्यभर या क्लबातून त्या क्लबात फिरलो, नाव कुठेच झालं नाही. पण पाय तरी माझं ऐकायचे.

सामना संपत आला होता, बरोबरी होती. एक उंच बॉल माझ्याकडे आला. बाहेर गेला असं समजून मी तो छातीवर झेलला आणि पायाखाली घेतला. शिट्टी वाजली. बॉल आत होता आणि मीही. आमचा विंगर त्याच्यामागे जीव तोडून धावत होता, पुढे गोल मोकळा. त्याने कपाळावर हात मारला. मला लाल कार्ड मिळालं, समोरच्यांना फ्री किक, आणि तिच्यावरच त्यांनी गोल केला.

आता क्लबला माझा लेखी माफीनामा हवाय. "अनवधानाने" असं लिहीन, नोकरी टिकवायची आहे.

पण तो बॉल छातीवर इतका अलगद बसला, की यंदा पहिल्यांदाच आमच्या बाजूच्या प्रेक्षकांतून टाळी आली.

रेषा मला दिसत होती, दाजी. म्हणून हे पत्र खिशातच राहील.

तुमचा मेहुणा,
अजून तरी कोच